लोको पायलटची सायको आणि मेट्रोचा इंटरव्ह्यू: सोलापुरातल्या एका पोराची तयारी

हे एका पोराचं प्रकरण आहे, त्याला विचारूनच लिहितेय, नाव देत नाही आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी गाळल्यात. आयटीआय इलेक्ट्रिशियन, राहायला पूर्व भागात, वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते, हा स्वतः अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला. मी अशोक चौकाकडच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना शिकवते, माझं शिक्षण मानसशास्त्रातलं, आणि आमचे अण्णा सोलापूर लॉबीतून (ड्रायव्हर ड्युटीला हजर होतात ते ऑफिस) लोको पायलट, म्हणजे रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर, म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं रेल्वेचा फॉर्म भरलेली पोरं फिरत फिरत आमच्याकडं येतातच.

२०२५ च्या उन्हाळ्यात ह्याच्यापुढं दोन गोष्टी एकदम आल्या. असिस्टंट लोको पायलटची जी ०१/२०२४ ची भरती होती, जिच्या जागा आधी ५६९६ होत्या आणि नंतर वाढवून १८७९९ केल्या, तिची दुसरी सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची लेखी परीक्षा, त्यानं मे महिन्यात दिली आणि सीबॅटच्या यादीत नाव आलं. सीबॅट म्हणजे कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, जिला सगळे नुसतं सायको म्हणतात ती. आणि त्याच दिवसांत मेट्रोला माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडून ट्रेन ऑपरेटरच्या मुलाखतीचा मेल आला, त्यात त्याच दिवशी लेखी व्यक्तिमत्त्व चाचणी होईल असंही लिहिलेलं.

तो आला तो एकदम तयारीतच. म्हणाला, "ताई, दोन्हीकडं पर्सनॅलिटीच बघणारेत की, मग एकच तयारी करलालोय, ऑनलाइन पॅकेज बी घेतलंय."

ते पॅकेज मी बघितलं. त्यात सगळं असंच, की आत्मविश्वासानं बोला, मी जन्मजात लीडर आहे म्हणा, मी रिस्क घ्यायला घाबरत नाही म्हणा, सेकंदात निर्णय घेतो म्हणा. परदेशातल्या ट्रेन ड्रायव्हरच्या मुलाखतींचे व्हिडिओ त्यानं बघितले होते आणि त्यातले प्रश्न वहीत उतरवून पाठ करत होता. पोरगं मेहनती आहे हो, रात्रपाळी करून येऊन दुपारी वही घेऊन बसायचं, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं की घरातले पैसे आणि झोप दोन्ही चुकीच्या जागी चाललंय.

तर पहिलं काम म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. रेल्वेच्या एएलपीला, म्हणजे असिस्टंट लोको पायलटला, मुलाखत नाहीच. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून क गटाच्या मुलाखती बंद केल्यात, हे पदही त्यातच येतं. दोन सीबीटी, मग सीबॅट, मग कागदपत्रं आणि मेडिकल, संपलं. सीबॅटमध्ये तुमचा स्वभाव कसा आहे असं कुणी विचारतच नाही. पाच टेस्ट असतात: मेमरी, सूचना पाळणं, डेप्थ परसेप्शन, कॉन्सन्ट्रेशन आणि परसेप्च्युअल स्पीड. सगळं कॉम्प्युटरवर, घड्याळ लावून. तिथं लीडर असून काय उपयोग, समोरच्या आकृत्यांतली सेम कुठली ते झटकन दिसलं पाहिजे आणि शेवटच्या प्रश्नालाही पहिल्याइतकंच नीट दिसलं पाहिजे.

आणि इथं एक गोष्ट आहे जी पोरं ऐकतात पण मनावर घेत नाहीत. पाचही टेस्टमध्ये प्रत्येकी कमीत कमी ४२ टी-स्कोर पाहिजे, कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही, चार टेस्टमध्ये ७० आणले आणि एकात ४१ आला तरी बाहेर. टी-स्कोर म्हणजे तुमचे सुटलेले प्रश्न नव्हेत, बाकीच्यांच्या मानानं तुम्ही कुठं बसता ते. सरासरी म्हणजे ५०, आणि एक स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) म्हणजे १०, म्हणजे ४२ हा सरासरीच्या थोडा खालीच आहे, ऐकायला सोपा वाटतो. मी त्याला फळ्यावर मांडून दाखवलं. मार्कांची नेहमीची घंटेसारखी रेघ धरली तर एका टेस्टमध्ये शंभरातले साधारण ७९ जण ४२ च्या वर राहतात. पण पाच टेस्टचा एकमेकींशी काहीच संबंध नाही असं धरलं तर पाचही पार करणारे शंभरात फक्त ३० उरतात. खऱ्यात एका टेस्टमध्ये चांगला असलेला पोरगा दुसरीतही बरा असतो, म्हणून आकडा ३० च्या वर जाईल, पण ७९ च्या आसपास काही जात नाही. हे बघितल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हंजे ताई, जे येतंय तेच करत बसण्यात अर्थ नाही." बरोबर तेच. सगळी पोरं आपल्याला आवडणारी टेस्ट पुन्हा पुन्हा सोडवतात, स्कोर वाढलेला बघून बरं वाटतं, आणि जी नकोशी वाटते ती उद्यावर.

सराव कशाचा करायचा तर लखनौच्या आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या, साइटवर सायको-टेक्निकल विभागाच्या पानावर प्रश्नांचे नमुने ठेवलेले असतात, फुकट, भरतीच्या जाहिरातीतच सांगितलेलं असतं. तिथूनच सुरुवात केली. आपल्याला स्वतःचा टी-स्कोर घरी काढता येत नाही कारण बाकीच्यांचे मार्क माहीत नसतात, म्हणून अभ्यासिकेतल्या सीबॅटवाल्या सगळ्या पोरांना एकत्र बसवून तोच सेट तेवढ्याच वेळात द्यायला लावला आणि प्रत्येकाचा प्रत्येक टेस्टमधला नंबर लिहून ठेवला. ह्याचा मेमरीत वरचा नंबर, स्पीडमध्ये ठीक, सूचना पाळण्यात मधे, आणि डेप्थ परसेप्शनमध्ये शेवटून दुसरा.

डेप्थ परसेप्शनमध्ये विटांचा ढीग दाखवतात आणि एखाद्या विटेला बाकीच्या किती विटा टेकल्यात ते सांगायचं. हा कागदावर कितीही वेळा केला तरी चुकायचाच. मग आमच्या गल्लीत एकाचं बांधकाम चालू होतं, त्यांना विचारून तिथल्या विटा घेतल्या, खडूनं नंबर टाकले आणि अंगणात आडव्याउभ्या रचल्या. तो लांब उभा राहून आकडा सांगायचा आणि मग जवळ येऊन एकेक वीट उचलून मोजायचा. तासाभरात चूक सापडली. बाजूच्या आणि वरच्या विटा तो बरोबर मोजायचा, पण ज्या विटेवर ती वीट टेकलीय ती खालची, चित्रात जिची फक्त एक कड दिसते, ती दरवेळी सुटायची. प्रत्येक वेळी तीच. म्हणजे डोळा कमजोर वगैरे काही नव्हतं, मोजायचा क्रमच नव्हता. मग क्रम ठरवला, आधी खाली, मग वर, मग डावीउजवी, मग पुढंमागं, आणि तोच क्रम कधी मोडायचा नाही. वेग आधी कमी झाला त्यामुळं तो वैतागला, म्हणाला नको हे, पण नंतर वेग आपोआप परत आला.

दोन बारीक वाटणाऱ्या पण लई महत्त्वाच्या गोष्टी. एक, तो सगळा सराव मोबाईलवर करत होता, बोटानं. टेस्ट कॉम्प्युटरवर, माउसनं. ह्या पोरांच्या घरी कॉम्प्युटर कुठला आलाय, त्यामुळं अभ्यासिकेतल्या ऑफिसचा जुना पीसी संध्याकाळी त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. दुसरी म्हणजे भाषा. सीबीटी मराठीत देता येते, ह्यानं मराठीतच दिली होती, पण सीबॅटचे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात. सूचना पाळण्याच्या टेस्टमध्ये सूचना समजायलाच चार सेकंद जास्त लागले तर ती टेस्ट गेलीच म्हणायची. मधल्या फळीत त्याचा नंबर होता तो ह्याच्यामुळंच, डोकं कमी म्हणून नाही. त्यानं हिंदी निवडली आणि रोज फक्त सूचना वाचायच्या, प्रश्न सोडवायचे नाहीत, सूचनेचा अर्थ मराठीत तोंडानं सांगायचा, एवढंच केलं. मराठी मिडियमच्या प्रत्येक पोरानं हे करावं असं मला मनापासून वाटतं, ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. आणि सीबॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही, हे सीबीटीची सवय लागलेल्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं.

आता मेट्रोचं. इथं खरोखर माणूस बघणार होते.

व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी मी माझीच काही वाक्यं लिहून एक फॉर्म बनवला, सहमत की असहमत एवढंच. त्यानं काय केलं? "मला आयुष्यात कधीच राग आला नाही", पूर्ण सहमत. "मला थरारक गोष्टी करायला आवडतात", पूर्ण सहमत. "नियम परिस्थितीप्रमाणं वाकवता आले पाहिजेत", सहमत, कारण पॅकेजमध्ये फ्लेक्झिबल असावं असं लिहिलेलं. आणि पुढच्या पानावर "मी नियम कधीच मोडत नाही", परत पूर्ण सहमत.

अशा बऱ्याच चाचण्यांमध्ये कधीच, नेहमी, एकदाही नाही अशी काही वाक्यं मुद्दाम घातलेली असतात, माणूस स्वतःला किती सजवून दाखवतोय ते कळावं म्हणून. आणि तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत परत विचारतात, उत्तर जुळतंय का बघायला. खोटं रंगवायला गेलं की आधीच्या पानावर काय रंगवलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं, शंभरावर वाक्यं असली तर कुणाच्या बापाला जमत नाही. पण माझा त्याला मुख्य मुद्दा वेगळाच होता. तू जे सोंग आणतोयस ते ह्या कामाला लागतच नाही. धाडसी, झटपट निर्णय घेणारा, थरार आवडणारा माणूस गाडीच्या केबिनमध्ये कुणाला हवाय? हजार माणसं मागं बसलेली असताना रोज तोच रूट, तेच सिग्नल, तीच दारं, आणि चारशेव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखंच बघणारा माणूस हवाय.

अण्णांनी हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, रात्री मालगाडी घेऊन वाडीकडं निघालं की बाहेर काळोख, बोलायला फक्त असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, हात करून दाखवायचं. हिरवा आहे हे दोघांनाही दिसतंय तरी म्हणायचं. पहाटे तीनला पण म्हणायचं." मग इंजिनातल्या व्हीसीडीचं, म्हणजे ड्रायव्हरचं लक्ष तपासणाऱ्या यंत्राचं सांगितलं, की ड्रायव्हरनं ६० सेकंद कुठल्याच कंट्रोलला हात लावला नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरी काही केलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. पोरगं विचारतं, "म्हंजे अण्णा, झोपलाय का बघायला?" अण्णा म्हणाले, "लक्ष आहे का बघायला. डोळे उघडे ठेवून पण माणूस हरवतो."

मग मुलाखतीचा सराव घेतला, घरीच, अण्णा आणि मी समोर. पहिलाच प्रश्न, कामात अवघड प्रसंग आला आणि तुम्ही नियमाला धरून राहिलात असं काही सांगा. ह्यानं कॉलेजच्या क्रिकेटच्या फायनलचं सांगितलं, टीमवर्क, लीडरशिप, प्रेशर. पाठ केलेलं, त्यामुळं डोळे वर छताकडं. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच, शब्दही तेच.

अण्णांनी मधेच विचारलं, "तू इलेक्ट्रिशियन ना रे, कधी शॉक बसलाय का?"

तो म्हणाला नाही, आणि मग असंच सहज सांगायला लागला. रात्रपाळीला एका मोटरचा स्टार्टर गेला होता, सकाळी माल जायचा होता, सुपरवायझर डोक्यावर उभा, म्हणत होता एवढ्याशा कामाला लाईन कशाला बंद करतो, चालूतच कर की. ह्यानं बोर्डावरचे तिन्ही किटकॅट फ्यूज काढले, खिशात घातले, टेस्टर लावून तिन्ही फेज तपासले आणि मगच हात घातला. थोड्या वेळात दुसऱ्या खात्यातला एकजण आमची लाईन का गेली म्हणत बोर्डापाशी आला आणि फ्यूज शोधायला लागला. ते ह्याच्या खिशात होते म्हणून लागले नाहीत. लाईन बंद पाडली म्हणून सकाळी बोलणी बसली ती वेगळीच.

अण्णांनी विचारलं, "मग परत असं झालं तर?"

"परत बी खिशातच ठेवणार की. वायर माझ्या हातात असती."

हे सांगताना त्याचे डोळे आमच्याकडं होते आणि आवाज त्याचा स्वतःचा होता. मी त्याला म्हटलं हेच सांगायचं, क्रिकेट नको. तर त्याला पटेना, म्हणे, "हे काय सांगायचं ताई, हे तर सगळेच करतात." सगळे करत नाहीत, आणि जे करतात त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, आमच्याकडं येणाऱ्या कामगारांच्या पोरांचं हे नेहमीचंच आहे. ज्यांनी खऱ्या मशीनवर काम केलंय, ज्यांच्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, तीच पोरं मुलाखतीत दुसऱ्या कुणाचं तरी पाठ करून म्हणतात.

उत्तर बांधायला फार काही केलं नाही. कुठं, कधी, कोण काय म्हणालं, तू काय केलंस, त्याचं काय झालं, आणि बोलणी बसली ते पण सांग, लपवू नको. दीड-दोन मिनिटांत संपव. सुपरवायझरला नावं ठेवायची नाहीत, त्याला घाई होती एवढंच म्हणायचं. मग त्यावर उलटे प्रश्न विचारले, हाच मुद्दा मेट्रोत कसा येईल, कंट्रोलरनं घाई केली तर, दारात माणूस अडकल्याची शंका आहे पण मागून गाडी येतेय तर. आणि सगळ्यात अवघड, चुकून लाल सिग्नल ओलांडला गेला, कुणी बघितलं नाही, काय कराल? पहिल्यांदा तो म्हणाला माझ्याकडून असं होणारच नाही. अण्णांचा चेहरा बघायला पाहिजे होता. त्यांनी सांगितलं, "असं म्हणणाऱ्याबरोबर मी ड्युटीच केली नसती. गाडी जागेवर थांबवायची, कंट्रोलला कळवायचं, सांगतील तसं करायचं. स्वतः मागं घ्यायची नाही आणि लपवायचं तर बिलकुल नाही."

प्रेरणास्थान विचारलं तर सुरेखा यादव असं त्यानं ठरवलेलं, कारण १३ मार्च २०२३ ला त्यांनी आपल्याच सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत नेली. नाव चांगलंच आहे, पण नुसतं नाव घेऊन कसं चालेल. १९८८ साली देशातली पहिली महिला ट्रेन ड्रायव्हर झालेली बाई २०२३ मध्ये वंदे भारतवर बसते, मधे ३५ वर्षं आहेत, तेवढी वर्षं गाड्यांवर काम केलंय, घाटातूनही गाड्या नेल्यात, आणि तरीही नवीन गाडी आली की नवीन शिकायला लागतंच. ह्यातलं तुला काय घ्यायचंय ते सांग म्हटलं. तो म्हणाला, शिकणं संपत नाही ते. बास, एवढंच बोल.

डोळ्यांचं थोडक्यात पण कळकळीनं लिहिते. एएलपीला मेडिकल ए-वन, चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, वर फॉगिंग टेस्ट, रंग ओळखणं, रात्रीची नजर सगळं. सीबॅटला जातानाच डोळ्यांच्या डॉक्टरांचं ठरलेल्या नमुन्यातलं व्हिजन सर्टिफिकेट ओरिजिनल न्यावं लागतं, ते नसेल तर बसू देत नाहीत. ह्याचे डोळे चांगले होते. पण त्याच बॅचमधल्या एका पोरानं चष्मा जावा म्हणून लॅसिक करून घेतलं होतं, घरच्यांनी कर्ज काढून, आणि लॅसिक केलेला उमेदवार ह्या पदाला चालतच नाही. हे त्याला सर्टिफिकेट काढायला गेल्यावर कळलं. दोन्ही सीबीटी पास झालेलं पोरगं. फॉर्म भरायच्या आधी डोळे तपासा आणि जाहिरातीतलं मेडिकलचं पान शेवटपर्यंत वाचा, एवढं तरी कराच.

झोपेचंही. रात्रपाळीवाल्या पोराचं डोकं सकाळच्या शिफ्टला चालेल कसं? त्यानं सुपरवायझरला सांगून, हो त्याच सुपरवायझरला, सीबॅटच्या आधी दिवसपाळी मागून घेतली आणि त्यानं दिली. सेंटर पुण्याला होतं, आदल्या दिवशीच नातेवाइकांकडं जाऊन राहिला.

मेट्रोच्या मुलाखतीत तीन जण होते. फ्यूजची गोष्ट सांगितली, त्यातल्या एकानं विचारलं की टेस्टर का लावला, फ्यूज तर काढलेलेच होते ना. हा म्हणाला, दुसरीकडून कुणी सप्लाय जोडलेला असला तर, खात्री करूनच हात लावायचा. पुढं बराच वेळ त्याच कामावर बोलणं झालं, लीडरशिपचं कुणी नावही काढलं नाही. प्रेरणास्थान पण विचारलं नाही. काही दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला.

सीबॅटमध्ये पाचही टेस्टला ४२ च्या वर आला, सगळ्यात कमी डेप्थ परसेप्शनलाच, पण पार. तरीही कागदपत्रांच्या यादीत नाव लागलं नाही. मेरिट लावताना दुसऱ्या सीबीटीच्या पार्ट ए ला (गणित, रिझनिंग वगैरेचा भाग) ७० टक्के वजन आणि सीबॅटला ३०, आणि ह्याचा पार्ट ए मधला स्कोर त्याच्या भरती बोर्डाच्या यादीसाठी कमी पडला. घरी दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. सायको निघाली म्हणजे नोकरी लागली असं आईवडलांनी धरूनच ठेवलं होतं, त्यांना हे ७०-३० समजावून सांगायला मी स्वतः गेले.

अण्णांचं म्हणणं होतं की कंत्राटी नोकरीत जाऊ नको, पुढच्या भरतीपर्यंत थांब. माझं मत वेगळं होतं आणि अजून आहे. त्याला घरात पैसे द्यायचे होते, आणि गाडीच्या कामात राहिलेलं बरं. तो मेट्रोच्या ट्रेनिंगला गेला. ०१/२०२५ ची ९९७० जागांची जाहिरात आली तेव्हाच त्यानं तो फॉर्मही भरून ठेवला होता. सीबॅट परत पहिल्यापासून द्यावी लागणार, जुना स्कोर चालत नाही, पण सध्या त्याला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय. सगळा वेळ पार्ट ए च्या गणिताला आणि रिझनिंगला. सोलापूरला आला की ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते अण्णांना सांगत बसतो, मग मी त्याला उठवून पेपर सोडवायला बसवते.